गोंदाची बरणी

मी लोकांना गाडी चालवायला शिकवतो आणि माझी बायको उंदरांची पोटं बरी करते. यातलं अवघड काम कोणतं, यावर आमच्या घरात लग्नापासून वाद चालू आहे. तिचं म्हणणं असं, की माझे शिकाऊ समोरून ट्रक आला की डोळे मिटून घेतात, त्या मानाने तिचे उंदीर पुष्कळ समजूतदार. ते खरं आहे, म्हणून मी विषय बदलतो.

ती सागरी शेवाळावर काम करते. खडकांना चिकटून वाढतं ते तपकिरी, बुळबुळीत शेवाळ. त्यातून एका जातीची साखर निघते. चहात घालायची नव्हे, नुसती नावाची साखर. पोटातल्या व्रणावर, म्हणजे ज्याला आपण सगळे अल्सर म्हणतो त्यावर, ती लागू पडते का हे तिला शोधून काढायचं होतं. तिचे वडील धक्क्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. त्यामुळे एकदा एक वार्ताहर घरी आला आणि त्याने विचारलं, "म्हणजे समुद्राचं प्रेम तुमच्या रक्तातच असणार?" ही म्हणाली, "किळस होती. अजून आहे." बिचारा पेन उघडून तसाच बसला.

पण ती खरंच बोलत होती. होडीच्या पंख्यात शेवाळ अडकलं की सासरे हिला बोलवायचे, कारण हात लहान. ती खांद्यापर्यंत हात घालून ते घाणेरडं ओढून काढायची आणि दुसऱ्या दिवशी शाळेत बाकावर हिच्या शेजारी कोणी बसायचं नाही. तेव्हाच तिने कानाला खडा लावला की पुन्हा या वस्तूला शिवायचं नाही. पुढे रसायनशास्त्र शिकली, चांगल्या गुणांनी पास झाली, आणि नोकरी मिळाली ती नेमकी शेवाळाच्या विभागात. पहिल्याच दिवशी मोठ्या सरांनी हिच्या पुढ्यात ओल्या शेवाळाची बादली ठेवली. ती घरी येऊन न्हाणीघरात शिरली ती बराच वेळ बाहेरच आली नाही, आणि सासूबाई दाराबाहेर पोट धरून हसत होत्या म्हणतात.

नोकरी मात्र सोडली नाही. हिचा स्वभावच तसा आहे. नावडतं काम ही जरा जास्तच नीट करते, त्याने आपल्याला हरवलं असं कुणी म्हणायला नको म्हणून. शेवाळ धुवायचं, सावलीत वाळवायचं, दळायचं, कोमट पाण्यात भिजत घालायचं, गाळायचं, मग त्यात स्पिरिट ओतलं की धाग्यांसारखं काहीतरी तळाला बसतं. ते वाळवून कुटलं की झाली हिची साखर, फिकट पिवळी आणि भुरभुरीत. बादलीभर शेवाळातून जेमतेम बशीभर.

आता हिची एक खोड सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. हिला लांबलचक नावं खपत नाहीत. प्रयोगशाळेत प्रत्येक पावडरीला हातभर लांब नाव असतं. हिने सगळ्यांना घरगुती नावं ठेवून टाकली. वाळवायचं यंत्र खोकतं म्हणून ते आजोबा. दळायचं यंत्र एकदा सुरू झालं की थांबत नाही म्हणून ती मावशी. व्रण मोजणारी तिची जोडीदारीण सदा भिंगाला डोळा लावून बसते, म्हणून ती दुर्बीण. बरण्यांवर हिच्या ठसठशीत अक्षरात चिठ्ठ्या असायच्या: साखर, खार, गोंद. मी एकदा म्हटलं, "अगं, हे शास्त्र आहे की वाणसामान?" तर म्हणाली, "अहो, नाव लांब असलं की माणूस ते वाचत नाही, नुसतं बघतो. छोटं असलं की वाचतो." मला पटलं होतं. सगळ्या मजल्याला पटलं होतं, म्हणून तर तळमजल्यावरचे लोकसुद्धा हिचीच नावं वापरायला लागले.

मधल्या काळात मलाच व्रण झाला. माझी खात्री होती की शिकाऊंच्या धसक्याने झाला. रोज पोटात गोळा येत असेल तर कधीतरी तिथे जखम होणारच. डॉक्टरांनी आत नळी घालून बघितलं आणि विचारलं, पाठदुखीच्या गोळ्या किती खाता? मी काही बोलायच्या आत ही म्हणाली, "शेंगदाण्यासारख्या. तेही उपाशी पोटी." परत येताना गाडीत तिने मला समजावलं, "माझ्या उंदरांना व्रण पाडायला मी त्याच जातीचं औषध देते. त्यांना निदान धरून पाजावं लागतं. तुम्ही पैसे मोजून आपण होऊन घेता."

मी म्हटलं, ठीक आहे, मग तुझी साखर दे चमचाभर. घरचा वैद्य असताना मी रांगेत का उभा राहू? तिने साफ नाही म्हटलं. "उंदराला चाललं म्हणजे नवऱ्याला चालेल असं कुठे लिहिलेलं नाही." मी रुसलो. ती दाद देईना. डॉक्टरांच्या गोळ्या चालू झाल्या, आणि जेवणानंतर घ्यायचं एक पांढरं, चिकट पातळ औषधही.

तोवर तिकडे प्रयोगशाळेत हिचा चांगला जम बसला होता. पहिल्या प्रयोगात उंदरांच्या एका गटाला साखर दिली, दुसऱ्याला साधं पाणी, आणि दोघांनाही व्रण पाडणारं औषध. पाणीवाल्यांची पोटं लालभडक, साखरवाल्यांची जवळजवळ स्वच्छ. ही इतकी खूश होती की स्वयंपाक करताना गुणगुणत होती, आणि हिला सूर बिलकूल नाही. पण मोठ्या सरांनी एक शंका काढली. माणूस हुशार आहे, उगाच खोट काढणाऱ्यातला नाही. ते म्हणाले, "तुझी साखर पाण्यात घट्ट होते. घट्ट काहीही प्यायलं तरी पोटाला जरा बरं वाटेल. गुण साखरेचा की घट्टपणाचा?"

हिला ती शंका आवडली. दुसरा कोणी असता तर त्याने सरांना मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या असत्या. मी तर घरी बसून हासडल्याच. ही म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. साधं पाणी म्हणजे अन्याय झाला. समोरच्याच्या पेल्यातही तेवढंच घट्ट हवं." म्हणून दुसऱ्या प्रयोगात पाण्याचा गटच काढून टाकला. उगाच जास्त उंदीर कशाला मारायचे? पाण्याच्या जागी गोंदाचं पाणी आलं. झाडाचा साधा डिंक, ज्याला पोटाशी देणं ना घेणं. हिने ते इतक्या निगुतीने साखरेच्या घट्टपणाला जुळवलं, की पाजणाऱ्यालाही कोणता पेला कोणता ते ओळखता येईना. दुर्बिणीलाही माहीत नव्हतं. तिने भिंगातून व्रण मोजायचे, आकडे लिहायचे, गट नंतर उघडायचे.

गट उघडले. दोन्हीकडे पोटं सारखीच बरी.

ही घरी आली ती चपला न काढता खुर्चीत बसली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काही नाही. माझी साखर म्हणजे महागडा डिंक आहे." मोठ्या सरांनी सांगितलं होतं की सोमवारच्या बैठकीत काम बंद करायचं ठरवू. तिची जागा शेवाळाची रंगद्रव्यं काढणाऱ्या टेबलावर हलवणार होते. नोकरी जात नव्हती, पण जे तिने नावडत असूनही अर्धं आयुष्य घासून पुसून उभं केलं होतं ते जात होतं. बाहेरच्याला यात काय एवढं असं वाटेल. मला माहीत होतं, हे तिचं सगळं होतं. आमच्या मुलीनंतर तिने इतक्या काळजीने दुसरं काही वाढवलेलं नाही.

दुर्बिणीने फोन केला. ती हिची जिवाभावाची. मी शेजारीच होतो, सगळं ऐकू येत होतं. ती म्हणाली, "हे बघ, पहिल्या प्रयोगातला पाण्याचा गट आहेच ना आपल्याकडे. त्याच्याशीच तुलना दाखव. या गोंदाच्या गटात काहीतरी गडबड झाली म्हण आणि बाजूला ठेव. कोण विचारतंय?"

"काय गडबड झाली, असं विचारलं तर?"

"तर... काहीतरी."

ही म्हणाली, "काहीतरी म्हणजे काय ते कळल्याशिवाय मी बाजूला ठेवणार नाही," आणि फोन ठेवला. मी तिला म्हटलं, अगं कर की ती म्हणते तसं, जग काय बुडणार आहे? मी हे अगदी मनापासून म्हटलं होतं. माझ्या धंद्यात गाडी भिंतीला घासली की मी आधी भिंतच पुढे आली असं सांगतो. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने पाणी प्यायला उठलो.

शनिवारी दुपारी जेवण झालं. ही दुसऱ्या दिवसासाठी भाजी निवडत बसली होती. मी माझं पांढरं औषध चमच्यात ओतलं आणि रोजच्यासारखा कुरकुरलो, "हे काय औषध आहे? निव्वळ गोंद. घशाखाली उतरत नाही."

तिचा हात थांबला. "काय म्हणालात?"

"गोंद म्हणालो. आता त्यावरही भांडायचंय का?"

तिने उठून बाटली हातात घेतली आणि मागची बारीक अक्षरं वाचली. वाचून पुन्हा वाचली. मग बाटली ओट्यावर ठेवून ती म्हणाली, "यात घट्ट करायला जे घातलंय ते माहितीये कशातून काढतात? तपकिरी शेवाळातून. ते पोटातल्या आम्लात जाऊन साखळतं आणि वरून थर धरतं. म्हणून तर तुम्हाला बरं वाटतं." एवढं बोलून ती माझ्याकडे बघत राहिली, जसं काही मीच तिच्या भांडाराचा प्रमुख आहे. "अहो, आमच्या बरणीत गोंद कुठला होता?"

मी कसला सांगतोय. पण तिने मला सांगितलं, आणि सांगता सांगताच तिचं तिला कळत गेलं. बरणीत आधी झाडाचा डिंक होता. तिनेच भरला होता, तिनेच चिठ्ठी लावली होती. दुसऱ्या प्रयोगाच्या आधी तो संपत आला, तेव्हा तिने निरोप पाठवला: गोंद भरून द्या. तळमजल्यावर जेल, म्हणजे थुलथुलीत लगदा, बनवणाऱ्यांची खोली आहे. त्यांच्याकडेही एक घट्ट करायची पूड असते, शेवाळातूनच काढलेली, आणि तिला तेही गोंदच म्हणतात. का म्हणतात? तर वरच्या मजल्यावरच्या बाईंनी सगळ्यांना छोटी नावं वापरायची सवय लावली म्हणून. दोन्ही पांढरट, दोन्ही पाण्यात घट्ट. बरणी भरून आली, वर हिच्याच अक्षरात गोंद लिहिलेलं. ती कशाला उघडून तपासते?

"म्हणजे तू शेवाळाची लढत शेवाळाशीच लावलीस," मी म्हटलं.

"असं वाटतंय. वाटण्याला काही अर्थ नाही. उद्या सकाळी मला सोडा."

रविवारी सकाळी आम्ही माझ्या शिकवणीच्या गाडीतून गेलो. वर 'शिकाऊ' असा लाल फलक, त्यामुळे मागचे लोक लांबूनच जात होते. पहारेकऱ्याने मलाही आत सोडलं, एका स्टुलावर बसायचं आणि कशालाही हात लावायचा नाही या अटीवर. खोलीत शेवाळाचा वास इतका मुरलाय की भिंतीला नाक लावलं तरी समुद्र येईल. हिने प्रयोगातलं उरलेलं गोंदाचं पाणी शीतकपाटातून काढलं. शिवाय कपाटाच्या मागून एका जुन्या पुडीतला झाडाचा डिंक शोधून काढला, तोही तसाच घट्ट कालवला. दोन काचेच्या पेल्यांत दोन्ही ओतले. मला तर दोन्ही एकच दिसत होते.

"पोटात असतं तसलंच आम्ल आहे हे," ती म्हणाली आणि नळीने थेंब सोडले. पहिल्यांदा डिंकात. काही झालं नाही, थेंब विरघळून गेले. मग बरणीतल्या गोंदात. पहिला थेंब पडला आणि तिथल्या तिथे पांढरी गाठ झाली. दुसरा पडला, दुसरी गाठ. बघता बघता पेल्यात दूध फाटावं तसं झालं.

मी टाळी वाजवणार होतो. मला वाटलं, सुटली. साखर निर्दोष, काम वाचलं. पण तिच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. ती म्हणाली, "याचे दोन अर्थ होतात. एक, माझी चूक झाली. दुसरा, बाजारात इतकी वर्षं मिळणारी स्वस्त पूडही माझ्या साखरेइतकीच चांगली असू शकते. मग माझी साखर कोणाला हवी?"

"मग दुसरा अर्थ सांगू नकोस ना बैठकीत."

"अहो, तुम्ही शिकाऊला आरसा एकाच बाजूचा बघायला सांगता का?"

पेले धुताना मात्र ती पुन्हा गुणगुणायला लागली. चूक आपलीच निघाली की हिला बळ येतं, कारण आपली चूक आपल्याला दुरुस्त करता येते. दुसऱ्याची असली तर वाट बघावी लागते आणि वाट बघणं हिला जमत नाही.

बैठकीत काय झालं ते मला दुर्बिणीने सांगितलं. ही उभी राहिली आणि काही प्रस्तावना न करता म्हणाली की दुसरा प्रयोग रद्द समजावा, चूक माझी आहे, बरणीवरचं अक्षर माझं आहे. मग सगळ्यांसमोर दोन पेले ठेवून आम्लाचे थेंब सोडले. तळमजल्याचा प्रमुख हळूच म्हणाला की आमच्या माणसाने विचारायला हवं होतं. ही म्हणाली, "त्यांनी बरोबर वाचलं. मी चुकीचं लिहिलं." मोठ्या सरांनी विचारलं, "आणि पुन्हा प्रयोग केला आणि तो गोंदच जिंकला तर?" ही म्हणाली, "तर गोंद जिंकला असं लिहीन सर. ज्याचं पोट दुखतंय त्याला कोण जिंकलं याच्याशी काय करायचंय?" सरांनी पेला उचलून आतल्या गाठी हलवून बघितल्या. मग म्हणाले, एकदाच. पुन्हा मागायचं नाही.

तिसरा प्रयोग तिने डोळ्यांत तेल घालून केला. या वेळी पाणी, झाडाचा डिंक, शेवाळाचा गोंद आणि साखर, चारही गट. शिवाय एक गोष्ट वाढवली: निम्म्यांना व्रण पडायच्या आधी पाजलं, निम्म्यांना पडून झाल्यावर. तिचं डोकं असं, की गोंद वरून पांघरूण घालत असेल तर तो आधीच घालायला हवा. जखम झाल्यावर पांघरुणाने ती झाकली जाईल, भरून येणार नाही. बरण्यांवर आता हातभर लांब नावं होती आणि तीही तीच लिहीत होती, ओठ घट्ट दाबून.

निकाल आला त्या दिवशी तिने मला फोनवर एकच वाक्य सांगितलं, "आधी दिलं तर दोघं बरोबरीत, नंतर दिलं तर माझी साखर पुढे." झाडाचा डिंक पाण्याच्याच पंगतीला बसला होता. म्हणजे घट्टपणाचा गुण नव्हता, सरांच्या शंकेचं उत्तर मिळालं. गोंद झाकत होता, साखर भरून आणत होती. उंदरांत, असं ती दर वेळी जोडते. मी अजूनही डॉक्टरांच्याच गोळ्या घेतो.

एवढ्यावर सगळं सुखरूप संपलं असतं. पण अहवाल लिहायची वेळ आली आणि हिने दुसऱ्या प्रयोगाची सगळी कहाणी त्यात घातली. बरणी, चिठ्ठी, गोंद, सगळं. मोठे सर म्हणाले, "आता निकाल उत्तम आलाय. तो परिच्छेद कशाला? लोक हसतील." दुर्बीणही म्हणाली. मीही म्हणालो, मी काय मागे राहणार? तिने आम्हा तिघांचंही ऐकून घेतलं आणि परिच्छेद तसाच ठेवला. "हसू देत. घट्टपणा जुळवायचा म्हटलं की ही पूड कोणाच्याही हाताशी येईल. ती पोटात गप्प बसत नाही, हे त्यांना कोण सांगणार?"

अहवाल छापून आला आणि लोक हसलेही. एका संमेलनात तिला 'गोंदवाल्या बाई' म्हणून कोणीतरी हाक मारली. तिने ओ दिली.

मग एका सकाळी घरी फोन आला. मी गाडीच्या किल्ल्या शोधत होतो. पलीकडे एक बाई होत्या, दुसऱ्या कुठल्या तरी गावातल्या प्रयोगशाळेतल्या. ही उभ्याने ऐकत होती, मध्येच म्हणाली, "स्पंज? समुद्रातला?" शेवटी एवढंच विचारलं, "आणि पाण्याशी लावून पाहिलंत?" पलीकडून काहीतरी उत्तर आलं. तिने हळूच फोन ठेवला आणि जमिनीवर बसली, तिथेच, ओट्याला टेकून. मी धावलो, मला वाटलं कुणी गेलं.

ती रडत होती. बैठकीत रडली नव्हती, निकाल आला तेव्हा रडली नव्हती, लोक हसले तेव्हाही नाही. मी शेजारी बसलो आणि तिचा हात धरला. मला या बाईचा इतका अभिमान आहे की मी तो आजवर नीट सांगितलेला नाही. तेव्हा सांगितला. तिने ऐकलं की नाही कोण जाणे.

"तेही तीच पूड घालत होते," ती म्हणाली. "अगदी जाणूनबुजून, घट्टपणा जुळवायला. दोन्ही गट सारखेच बरे व्हायचे. त्यांना वाटलं, आपल्या स्पंजातून काढलेल्या व्रणाच्या औषधात काही दम नाही. माझा परिच्छेद वाचून पाण्याशी लावून बघितलं, तर फरक आहे. चांगला फरक आहे." तिने पदराने नाक पुसलं. "बंद करणार होते हो ते. सगळं आवरून ठेवलं होतं."